नकली आहे हे सगळ्यांनाच माहीत असताना ते घड्याळ नेमके कोणासाठी?

रंकाळाकाठ (प्रश्न)

माझा भाचा मूळचा गडहिंग्लजचा असून अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी तो गेली चार वर्षे आमच्याकडे कोल्हापुरात राहतो. दोन महिन्यांपूर्वी त्याने इन्स्टाग्रामवरील एका विक्रेत्याकडून २,८०० रुपयांना एक घड्याळ मागवले. तबकडीवर मुकुटाचे चिन्ह, त्याखाली रोलेक्स हे नाव, हिरवा डबा आणि त्या डब्यात हमीपत्रासारखे दिसणारे एक कार्डसुद्धा. त्या नमुन्याचे खरे घड्याळ घ्यायचे म्हटले तर आठ-दहा लाख रुपये लागतात, हे त्याला माहीत आहे, मला माहीत आहे आणि ज्या मित्रांना तो ते दाखवतो त्यांनाही माहीत आहे. डबा उघडता उघडताच त्याने मला "फर्स्ट कॉपी आहे, मावशी" असे सांगितले, आणि ते इतक्या सहजपणे सांगितले की चहात साखर कमी आहे एवढेच जणू त्याला सांगायचे होते.

माझा गोंधळ इथेच सुरू होतो. लोकांना फसवण्यासाठी नकली वस्तू घेतली, तर ती वृत्ती मला आवडणार नाही, पण निदान समजेल. आमच्या तरुणपणीही नकली माल होताच. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद आमच्या पिढीतील प्रत्येकाने ऐकलेला आहे. परंतु आम्ही अशी वस्तू खरी समजून घेत असू, आणि फसलो हे कळले की ती कपाटाच्या तळाशी जात असे. आजची मुले मात्र नकली वस्तूची प्रत कोणती, शिलाई कशी, डबा सोबत मिळाला की नाही, याची उघड चर्चा करतात आणि नंतर तीच वस्तू घालून रंकाळ्यावर छायाचित्रे काढतात.

पैशांची अडचण हे कारणही मला पुरेसे वाटत नाही, कारण तेवढ्याच पैशांत एखाद्या देशी कंपनीचे, रीतसर हमी असलेले, वेळ नीट दाखवणारे घड्याळ मिळाले असते. मी त्याला तसे म्हटले, तेव्हा तो हसला आणि "ते कोण बघणार?" म्हणाला. पण मग हे तरी कोण बघणार आहे, हा माझा प्रश्न आहे. बघणाऱ्या सगळ्यांनाच जर ते खोटे आहे हे कळत असेल, तर तबकडीवरचे ते नाव काय काम करते? मला त्याला उपदेश करायचा नाही, आणि येथेही कृपया उपदेश नको. या व्यापारातील, अध्यापनातील किंवा प्रत्यक्ष त्या वयातील कोणी कारणे समजावून सांगितली तर ती मला हवी आहेत.

शाहूपुरीकर

ताई, माझे बूट-चपलांचे दुकान आहे आणि चार वर्षे मी स्वतः कॉपी माल विकलेला आहे. आता विकत नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

दुकानात येणारा मुलगा "हे ओरिजनल आहे का?" असे कधीच विचारत नसे. तो "डबा आहे का?" असे विचारत असे. एकच जोड डब्याशिवाय १,६०० रुपयांना आणि डब्यासह १,८०० रुपयांना जात असे, आणि दहांतील सात मुले ते वरचे दोनशे रुपये आनंदाने देत. डबा पायात घालता येत नाही, परंतु बूट डब्यातून बाहेर काढतानाची चित्रफीत टाकायची तर डबा लागतोच. आमच्या लक्षात आले की मुलांनी विकत घेतलेल्या वस्तूत बूट हा अर्धाच भाग असतो आणि उरलेला अर्धा भाग म्हणजे पहिल्या दिवसाची ती पंधरा सेकंदे. तुमच्या भाच्याच्या हिरव्या डब्याचे आणि त्या कार्डाचे प्रयोजन हेच असावे.

फर्स्ट कॉपी, मास्टर कॉपी, सेव्हन ए, मिरर अशी जी नावे मुले तोंडपाठ म्हणतात, ती कोणत्याही संस्थेने ठरवलेली नाहीत. एकाच गठ्ठ्यातला माल एक व्यापारी फर्स्ट कॉपी म्हणून विकतो आणि शेजारचा सेव्हन ए म्हणून तीनशे रुपये जास्त घेतो. पण या नावांचा परिणाम मोठा होतो, कारण त्यांच्यामुळे नकलीतही एक उतरंड तयार होते. "माझे सेव्हन ए आहे, तुझे साधे आहे" असे मुले एकमेकांना म्हणतात, तेव्हा मूळ वस्तू चर्चेतून केव्हाच बाहेर गेलेली असते. आपण ज्याला खोटे म्हणतो, त्यालाच त्यांच्या बोलण्यात उत्तम आणि मध्यम असे दर्जे असतात, आणि उत्तम दर्जाचे खोटे हुडकून काढणाऱ्याला जाणकार म्हणून मान मिळतो. ताई, तुमचा भाचा इतक्या सहज का बोलला याचे अर्धे उत्तर मला यात दिसते. त्याने खोटी वस्तू घेतल्याची कबुली दिली असे तुम्हाला वाटले, पण त्याच्या दृष्टीने त्याने चांगली खरेदी केल्याची बातमी दिली.

आणखी एक गोष्ट दुकानात बसल्याशिवाय कळत नाही. सगळे नकली घालणारे थोडे असतात. हप्त्यांवर एक खरा जोड घ्यायचा आणि बाकीचे तीन कॉपी घ्यायचे, ही खरी रीत आहे. त्या एका खऱ्या जोडाचे बिल मोबाइलमध्ये जपून ठेवलेले असते आणि त्याच्या आधारावर बाकीचे तीनही खपून जातात. एकाने तर मला सरळ सांगितले होते की पावसात आणि गर्दीत कॉपी, आणि लग्नात ओरिजनल.

मी का सोडले, तेही सांगतो. आमच्या रस्त्यावरील एका दुकानात कंपनीचे अधिकृत प्रतिनिधी पोलिसांना घेऊन आले, पंचनामा झाला आणि सगळा माल सील झाला. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ यातील कलम १०३ आणि १०४ यांनुसार खोटे चिन्ह लावणे आणि तसा माल विकणे या दोन्हींसाठी किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. दोन जोडांमागे आठशे रुपये मिळवण्यासाठी एवढी जोखीम घ्यावी असे मला वाटले नाही. स्वतः वापरण्यासाठी घेणाऱ्यावर मात्र आपल्याकडे या कलमांचा हात पोचत नाही. इटलीत नकली वस्तू घेणाऱ्या ग्राहकालाही ३०० ते ७,००० युरो दंड होऊ शकतो. आपल्याकडे घेणाऱ्याला भीती नाही, म्हणून त्याला लाजही नाही, असे माझे मत आहे. ते चुकीचे असू शकेल.

जाता जाता एक सांगतो. इन्स्टाग्रामवर आगाऊ पैसे भरून मागवलेला माल कबूल केलेल्या प्रतीचा निघाला नाही, तर तक्रार करायला जागा नसते. माझ्याकडे दोन-तीन मुले असे बूट घेऊन आली होती आणि "काका, हे फर्स्ट कॉपी नाही, आम्हाला फसवले" असे म्हणत होती. नकलीची नकल मिळाल्याचा त्यांचा संताप मात्र अगदी अस्सल होता.

वाणिज्य_शिक्षिका

शाहूपुरीकरांनी दुकानातून जे पाहिले, त्याच्याशी जुळणारे संशोधन आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

विलकॉक्स, किम आणि सेन या तिघांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आमच्या विषयात नेहमी सांगितला जातो. माणसे महागड्या नाममुद्रांकडे, म्हणजे ब्रँडकडे, दोन वेगवेगळ्या कारणांनी ओढली जातात, असे त्यांचे म्हणणे आहे. काहींना त्या वस्तूतून आपली आवड आणि आपली मूल्ये व्यक्त करायची असतात, तर काहींना आपल्या गटात सामावून जायचे असते, गटाने आपल्याला आपले म्हणावे असे वाटत असते. या दुसऱ्या प्रकारच्या लोकांना नकली वस्तू अधिक चालते, कारण त्यांचे काम चिन्हाने होते, कारागिरीने होत नाही. चिन्ह जितके ठळक, तितका हा फरक स्पष्ट दिसतो. या अभ्यासातील मला सर्वांत उपयोगी वाटलेला भाग नीतीविषयी आहे. नकली घेणे चूक आहे, या विचाराचा परिणाम पहिल्या प्रकारच्या लोकांवर होतो. जे गटात सामावण्यासाठी घेतात, त्यांच्या पसंतीवर त्यांच्या नैतिक मतांचा फारसा परिणाम दिसला नाही. तेव्हा आपण उपदेश करायचा नाही असे ठरवले आहे ते योग्यच आहे, कारण तो वायाच गेला असता.

त्यानंतरच्या वर्षी, म्हणजे २०१० साली, हान, नुनेस आणि द्रेझ यांनी चिन्हाच्या आकाराचाच अभ्यास केला. एकाच कंपनीच्या वस्तूंमध्ये किंमत वाढत जाते तसे चिन्ह लहान आणि अस्पष्ट होत जाते, आणि नक्कल मात्र मोठ्या चिन्हाच्या, त्या मानाने स्वस्त वस्तूंची होते, असे त्यांना आढळले. जो खरोखर श्रीमंत आहे, त्याला आपल्यासारख्यांनी ओळखले काय किंवा न ओळखले काय, काही फरक पडत नाही. मोठे चिन्ह त्याच्या खालच्या पायरीवर असलेल्यांना लागते, आणि नकली चिन्ह त्याच्याही खालच्या पायरीवरील लोकांना लागते. महाद्वार रोडवर टांगलेल्या टी-शर्टांवर अक्षरे छातीभर का असतात, याचे उत्तर यात मिळावे.

वयाचा मुद्दा राहिला. युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाने २०२२ साली १५ ते २४ वयोगटातील तरुणांची पाहणी केली, तेव्हा ३७ टक्के तरुणांनी मागील वर्षभरात जाणूनबुजून नकली वस्तू घेतल्याचे मान्य केले. २०१९ च्या पाहणीत हेच प्रमाण १४ टक्के होते. किंमत हे त्यांनी दिलेले पहिले कारण होते. हे युरोपातील तरुण आहेत, ज्यांच्या शहरात खऱ्या वस्तूचे दुकान असते आणि ज्यांच्यापैकी अनेकांना ती वस्तू दोन-तीन पगारांत घेताही येते.

इथपर्यंतचे सगळे पुस्तकी झाले. कोल्हापूरला ते जसेच्या तसे लावताना मला अडचण येते, आणि ती अशी. या अभ्यासांमध्ये नकली वस्तू ही खऱ्या वस्तूच्या शेजारी ठेवून पाहिली जाते. आपल्याकडे ती शेजारी नसतेच. अशा परदेशी नाममुद्रांची मुख्य दुकाने पाहायची तर मुंबई गाठावी लागते, आणि तेथेही काचेच्या आत जाण्याचे धैर्य आपल्या विद्यार्थ्याला सहसा होत नाही. माझ्या वर्गातील साठ मुलांपैकी अशी खरी बॅग किंवा खरे घड्याळ कोणी हातात घेतले आहे, असे मी एकदा विचारले, तेव्हा एकही हात वर झाला नाही. मग त्यांच्या दृष्टीने नकली वस्तू कशाची नक्कल असते? ती मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेल्या चित्राची नक्कल असते, आणि चित्राची नक्कल म्हणून पाहिले तर ती पुष्कळच चांगली असते. मूळ वस्तूचे वजन, तिचा स्पर्श, तिचे वीस वर्षे टिकणे यांतले काहीच चित्रात नसते, म्हणून नकलेत ते नसल्याचे कोणाला जाणवतही नाही.

रंकाळाकाठ यांनी विचारले आहे की सगळ्यांना कळत असताना ते नाव काय काम करते. माझ्या मते ते गणवेशाचे काम करते. गणवेश घातलेला मुलगा कोणाला फसवत नसतो. तो कोणत्या शाळेचा आहे एवढेच तो सांगत असतो. आपला भाचा, आपण श्रीमंत आहोत असे सांगत नसावा. कोणती घड्याळे श्रीमंतांची असतात हे आपल्याला ठाऊक आहे, असे मात्र तो सांगत असावा, आणि गडहिंग्लजहून आलेल्या मुलाला शहरातील मुलांमध्ये हे सांगण्याची गरज वाटली, तर मला त्याचे नवल वाटत नाही.

पायताण

वरची चर्चा वाचली. आमच्या घरात तीन पिढ्या चप्पल बनवण्याचे काम आहे आणि मीही शिक्षण सांभाळून वेणी विणायला बसते. त्यामुळे नकली या शब्दाकडे मी समोरच्या बाजूने पाहते.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर या आठ जिल्ह्यांबाहेर तयार झालेल्या चपलेला कोल्हापुरी म्हणता येत नाही, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात रेक्झिनच्या तळाची, यंत्राने ठोकलेली 'कोल्हापुरी' देशभर विकली जाते, आणि दुःखाची गोष्ट अशी की ती आमच्याच गावात पर्यटकांनाही विकली जाते. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, हाताने शिवलेला तळ आणि बारीक वेणीचा पट्टा असलेल्या कापशी चपलेला आम्ही दीड-दोन हजार सांगतो, तेव्हा गिऱ्हाईक म्हणते, "पलीकडे चारशेला मिळते." पलीकडची चप्पल पहिल्या पावसात उलते, आणि मग "कोल्हापुरीत आता पूर्वीची मजा राहिली नाही" असे म्हणून ते गिऱ्हाईक पुन्हा आमच्याकडे फिरकत नाही. नक्कल करणाऱ्याने आमचे एक गिऱ्हाईक नेले असते तरी चालले असते. त्याने आमच्या नावाची पत नेली.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील आपल्या कार्यक्रमात कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या आणि त्यांना नुसते चामड्याचे सँडल म्हटले, तेव्हा काय गदारोळ झाला हे सर्वांना आठवत असेल. टीका झाल्यावर कंपनीने मूळ प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले, तिची माणसे कोल्हापुरात येऊन गेली आणि वर्षाअखेरीस महाराष्ट्राचे लिडकॉम व कर्नाटकाचे लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. त्या काळात आमच्या घरात रोज संध्याकाळी याच विषयावर बोलणे होत असे, आणि सर्वांत जास्त संतापलेला माझा धाकटा भाऊ होता. "आपले नाव न घेता आपला माल विकतात," असे तो म्हणत होता. त्या वेळी त्याच्या पायात त्याच प्रकारच्या एका परदेशी कंपनीचे नाव लावलेले, १,५०० रुपयांचे नकली बूट होते. वडिलांनी त्या बुटांकडे पाहिले आणि काही न बोलता पुन्हा रापी हातात घेतली.

भावाला मी नंतर एकट्याला विचारले. त्याचे उत्तर मला आजही नीट खोडून काढता येत नाही. तो म्हणाला, "त्यांचे नाव मी वापरले तर त्यांचे काय जाते? माझ्यासारखा त्यांचा गिऱ्हाईक कधीच होणार नव्हता. आपले नाव त्यांनी वापरले तर आपले पोट जाते." मला हे पटते आणि पटतही नाही. पटत नाही याचे कारण असे की चारशे रुपयांची रेक्झिन चप्पल घेणारा पर्यटकसुद्धा नेमके हेच म्हणू शकेल, की दोन हजारांची चप्पल तो एरवीही घेणार नव्हता.

दुसरी गोष्ट त्याने सांगितली नाही, पण मला दिसते. कॉलेजला तो घरची चप्पल घालून जात नाही. लग्नाला फेट्याबरोबर घालतो, तेव्हा सगळे कौतुक करतात. रोज घातली तर, हा चप्पल बनवणाऱ्यांचा मुलगा, असे होते. नकली बुटांनी त्याला श्रीमंत करावे अशी त्याची अपेक्षा नाही. आपण कोणाचे कोण आहोत हे निदान कॉलेजच्या फाटकात कोणाला कळू नये, एवढीच अपेक्षा असावी. वरील शिक्षिका गणवेशाविषयी लिहितात, ते मला या अर्थाने अधिक पटले, कारण गणवेश घातला की घर दिसत नाही.

तेवीस_पूर्ण

या चर्चेत ज्यांच्याविषयी बोलणे चालले आहे त्यांच्यापैकी मी एक आहे, म्हणून लिहितो. रंकाळाकाठ यांना मावशीच म्हणतो, राग नसावा.

मावशी, माझ्या आईचा एकवीस पानांचा सोन्याचा कोल्हापुरी साज आहे. माझे शुल्क भरायचे होते तेव्हा तो तारण गेला आणि अजून सुटलेला नाही. या काळात घरात चार लग्ने झाली, आणि चारही लग्नांत आईने गुजरीतून आणलेला एक ग्रॅमचा साज घातला. मांडवातल्या निम्म्या बायकांच्या गळ्यात तसेच दागिने होते. सगळ्यांना सगळ्यांचे माहीत होते आणि कोणी कोणाला विचारले नाही. त्याला बेन्टेक्स म्हणतात, नकली म्हणत नाहीत. मी २,२०० रुपयांचे घड्याळ घातले, तर मात्र त्याची चर्चा होते आणि त्यावर परदेशात झालेले अभ्यास उद्धृत होतात. मोकळ्या गळ्याने लग्नाला जाणे आईला जेवढे कठीण वाटते, तेवढेच मोकळ्या मनगटाने मुलाखतीला किंवा मित्राच्या वाढदिवसाला जाणे मला कठीण वाटते. फरक एवढाच की तिच्या बायकांनी तिला सांभाळून घेतले, आणि आम्हाला आमच्या घरचे सांभाळून घेत नाहीत.

आम्ही कंपनीचे नुकसान करतो, असेही म्हटले जाते. माझे म्हणणे असे की त्या घड्याळाच्या आठ लाखांत यंत्राची किंमत किती आणि नावाची किती, हे कोणीतरी आधी सांगावे. नावाची किंमत ही शेवटी लोकांनी त्या नावाकडे पाहण्याची किंमत असते, आणि पाहणाऱ्या लोकांत आम्हीही आहोतच. आम्ही पाहिले नाही, ओळखले नाही, हळहळलो नाही, तर ते नाव श्रीमंतांच्याही काही कामाचे राहणार नाही. यात थोडी मखलाशी आहे हे मला कळते, पण पूर्ण मखलाशी नाही.

मी सगळेच नकली घेतो असेही नाही. हेल्मेट, चार्जर आणि अत्तर यांच्या बाबतीत मी कधीच कॉपी घेत नाही. अत्तराने एकदा मानेवर पुरळ उठले तेव्हापासून ते बंद केले. गॉगलही सोडला, कारण काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि त्या काचेत अतिनील किरण अडवण्याची सोय नसेल तर ते किरण उलट जास्त आत जातात, असे डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. घड्याळ आणि बूट यांनी कोणाचे काही बिघडत नाही, असे माझे मत होते.

आता ज्या गोष्टीमुळे ते मत थोडे हलले, ती लिहितो. गेल्या वर्षी मी पुण्यात सहा महिने एका कंपनीत प्रशिक्षणार्थी होतो. जेवणाच्या वेळी समोर बसलेल्या एका वरिष्ठांनी माझ्या मनगटाकडे पाहिले, दोन-तीन सेकंद पाहतच राहिले, आणि नंतर डाळीविषयी बोलू लागले. त्यांनी काय पाहिले हे मला कळेना, म्हणून रात्री शोधले. खऱ्या घड्याळाचे यंत्र तासाला २८,८०० वेळा, म्हणजे सेकंदाला आठ वेळा ठोके देते, म्हणून त्याचा सेकंदकाटा सरकत गेल्यासारखा दिसतो. माझा काटा सेलवर चालणारा, दर सेकंदाला एक उडी मारणारा. दोन-तीन सेकंद पाहिले की ज्याला माहीत आहे त्याला कळते. ते मला हसले असते तर मी विनोद करून वेळ मारून नेली असती. ते काही बोलले नाहीत, आणि त्यानंतरचे चार महिने मी ते घड्याळ पुण्यात घातले नाही. कोल्हापुरात आल्यावर मात्र पुन्हा घालत होतो. हे असे का, याचे उत्तर माझ्याजवळ आहे, पण ते येथे लिहिण्याइतके धैर्य नाही. वाणिज्य_शिक्षिका यांनी ते जवळजवळ लिहिलेच आहे.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या विचारपूर्वक उत्तरांची मी अपेक्षा केली नव्हती.

तेवीस_पूर्ण, तुझ्या आईच्या साजाविषयी वाचून मी बराच वेळ थांबले. माझ्याकडेही बेन्टेक्सच्या दोन ठुशी आहेत, तेव्हा तुझा मुद्दा मला नाकारता येणार नाही. एक फरक मात्र मला दिसतो. त्या साजावर कोणा सराफाचे नाव नसते आणि हॉलमार्कही नसतो. जुलै २०२१ पासून हॉलमार्क झालेल्या सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळख असते, आणि एक ग्रॅमच्या साजावर तशी ओळख कोणी कोरून दिली तर आपण त्याला सोडणार नाही. तुझ्या आईचा साज गप्प बसतो. घड्याळ स्वतःहून बोलते, आणि खोटे बोलते. हा फरक तुला किती मोठा वाटेल हे मला सांगता येत नाही. मला तो काल रात्रीपर्यंत फार मोठा वाटत होता.

पायताण, तुमच्या वडिलांविषयीचे ते वाक्य मी भाच्याला वाचून दाखवले. त्याने ऐकून घेतले आणि दुसरा विषय काढला. मीही ताणले नाही.

या चर्चेनंतर एक लहानशी गोष्ट घडली, तीही लिहिते. गेले आठ दिवस त्याचे घड्याळ दहा वाजून बारा मिनिटांवर थांबलेले होते, आणि तो ते तसेच घालून फिरत होता. सेल संपला असेल, बदलून आण, असे मी दोनदा सांगितले. तो टाळत राहिला. कॉलेजात तीनशे मुलांसमोर ते घड्याळ मिरवणाऱ्या या मुलाला लक्ष्मीपुरीतील घड्याळजींसमोर ते काढून ठेवणे जमत नव्हते, कारण घड्याळजी मागचे झाकण उघडणार आणि आत काय आहे ते पाहणार.

शेवटी परवा मीच ते पिशवीत घालून घेऊन गेले. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावले, झाकण उघडले, सेल बदलला, काचेवरचा डाग कापडाने पुसला आणि साठ रुपये सांगितले. मी पैसे देताना ते म्हणाले, "याला पाणी लागू देऊ नका, हे आत लगेच गंजते." मी घरी येऊन निरोप दिला. हात धुताना तो आता ते काढून ठेवतो.